तिसऱ्या घंटेआधीचा घास

नाटकाला जायचं तर आधी जेवायचं की नंतर, हा प्रश्न वऱ्हाडात फार काळ कुणाला पडलाच नाही. जत्रेत तंबू ठोकून बसलेला तमाशा असो, की गावातल्या हौशी पोरांनी गणपतीत बसवलेलं नाटक, खेळ उभा राहायचा तो गावाची जेवणं उरकल्यावरच. दिवसभर शेतात राबलेला माणूस घरी येणार, गुरांचं चारापाणी बघणार, भाकरी-पिठलं-ठेचा खाऊन हात धुणार आणि मग सतरंजी काखोटीला मारून निघणार. रात्री नऊ-दहाला गण सुरू व्हायचा. गवळण, बतावणी आणि वग होईपर्यंत कोंबडं आरवायची वेळ यायची. एवढा वेळ बसायचं तर पोट भरलेलं हवंच, पण तोंडही चालू राहायला हवं. म्हणून तंबूबाहेर फुटाणे, मुरमुरे, गोडीशेव, कढईतून निघणारी मिरचीभजी आणि चहाची किटली. जेवण म्हणावं असं तिथं काही नसायचं, कारण जेवण घरी झालेलं असायचं.

खेळ किती वाजता सुरू होतो आणि किती वेळ चालतो, यावर प्रेक्षकाच्या ताटात काय पडणार हे ठरतं. खाद्यसंस्कृतीवर लिहिणारे चवीबद्दल, मसाल्यांबद्दल भरभरून लिहितात, पण घड्याळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घड्याळ बदललं की खाणं कसं बदलतं, हे बघायचं तर जपानकडे बघावं. टोकियोत आज संध्याकाळच्या खेळाआधी लोक इझाकायात शिरतात, म्हणजे जिथं मद्याच्या जोडीला लहान लहान बशांमधून खाणं येतं अशा साध्या, गजबजलेल्या ठिकाणी. ही सवय तिथंही फार जुनी नाही. ती येण्याआधी जपानी नाटकाचा प्रेक्षक थेट नाटकघरातच जेवत होता.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६८ पर्यंत, आजच्या टोकियोचं नाव एदो होतं आणि तिथं काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचा खेळ पहाटे सुरू होऊन दिवेलागणीआधी संपायचा. कारण अगदी व्यवहारी होतं. सगळं शहर लाकडाचं आणि कागदाचं. रात्री दिवे लावून हजारभर माणसं एका छपराखाली बसवणं म्हणजे आगीला आवतण. आमच्याकडे उन्हामुळे आणि शेतीच्या कामामुळे खेळ रात्रीवर गेला, तिकडे आगीच्या धास्तीने तो दिवसावर आला. दिवसभर बसायचं म्हटल्यावर दोन वेळचं खाणं आतच आलं. नाटकघरांना लागून खास चहाघरं असत. पैसेवाल्या घरच्या बाया पहाटेच तिथं उतरायच्या, कपडे बदलायच्या आणि तिथल्या माणसाच्या मागोमाग आपल्या चौकोनी बैठकीत जाऊन बसायच्या. मग दिवसभर चहाघरातूनच मिठाई, जेवणाचा डबा आणि सुशी त्यांच्यापर्यंत पोहोचायची. दोन अंकांच्या मधल्या वेळात खायचा तो डबा ‘माकुनोउची’ म्हणून ओळखला जातो. तीळ भुरभुरलेले भाताचे छोटे मुटके, अंड्याची वडी, भाजलेला मासा, शिजवलेल्या भाज्या असं सगळं त्यात नीट रचलेलं असतं. आज जपानच्या कुठल्याही रेल्वे स्टेशनवर तो मिळतो आणि विकत घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी काबुकीचा एक अंकही पाहिलेला नसतो.

ओसाकाची दोतोनबोरी तर आणखी बोलकी. निऑनच्या पाट्या, भिंतीवर हलणारा भलामोठा खेकडा, ताकोयाकीच्या गाड्या असं तिचं चित्र आता जगभर पोहोचलं आहे. पण १६१५ मध्ये पुऱ्या झालेल्या दोतोनबोरी कालव्याच्या काठावर नाव कमावलं ते नाटकघरांनी. पाच मोठी नाटकघरं तिथं एका ओळीत उभी होती. खाण्याची दुकानं नाटकाच्या गर्दीच्या आधाराने वाढली; पुढे नाटकघरं एकेक करून मिटली आणि खाणं तेवढं उरलं. आमच्या जत्रांचंही कधीकधी असंच होतं. तमाशाचा तंबू येईनासा होतो, जिलेबीची दुकानं मात्र दरवर्षी हजर.

मग नाटकघराच्या आतलं खाणं बाहेर कसं आलं? १८७८ मध्ये टोकियोच्या शिन्तोमी-झा नाटकघरात गॅसचे दिवे आले आणि रात्रीचे खेळ शक्य झाले. १९११ मध्ये पाश्चात्त्य धर्तीचं इम्पीरियल थिएटर उघडलं. तिथं चहाघरांची मध्यस्थी बंद झाली, तिकीटखिडकी आणि खुर्च्या आल्या आणि बसल्या जागी खाण्यावर बंदी आली. त्यात कचेऱ्या आणि कारखान्यांचं वेळापत्रक मिसळलं. दिवसभर नाटक बघायला रिकामा असलेला प्रेक्षक संपला. आता तो पाच-साडेपाचला कामावरून सुटणार आणि साडेसहाला खुर्चीत असणार. या तासाभराच्या फटीत काय बसतं? बैठं जेवण बसत नाही, नुसत्या चहावर भागत नाही. या फटीला इझाकाया अगदी चपखल बसला.

तो काही नाटकासाठी जन्मलेला नव्हता. एदोतल्या साके विकणाऱ्या दुकानांत गिऱ्हाईक तिथंच बसून पिऊ लागलं, दुकानदाराने सोबत खायला काहीतरी ठेवलं, एवढीच त्याची कुळकथा. एदोच्या कान्दा भागात १५९६ मध्ये सुरू झालेलं तोशिमाया हे दुकान यातलं आद्य मानलं जातं. स्वस्त साके आणि त्याबरोबर मिसो लावून भाजलेला टोफू, यासाठी तिथं हमाल, गाडीवान, एकट्या राहणाऱ्या मजुरांची झुंबड उडायची. १८११ च्या एका मोजणीत एदो शहरात अशी १,८०८ दुकानं भरली. एदोत कामासाठी आलेल्या एकट्या पुरुषांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या घरी चूल नव्हती, हे त्यामागचं खरं कारण. मुंबईच्या खानावळीही गिरणगावात याच कारणाने वाढल्या.

आज नाटक आणि इझाकाया यांची जोडी बघायची तर टोकियोच्या युराकुचो स्टेशनला उतरावं. १९१० मध्ये बांधलेल्या विटांच्या कमानींवरून रेल्वेगाड्या धावतात आणि खालच्या कमानींत धुराने काळवंडलेली यकितोरीची, म्हणजे काडीला ओवून भाजलेल्या कोंबडीची, दुकानं आहेत. डोक्यावरून गाडी गेली की पेल्यातली बिअर थरथरते. तिथून पाच मिनिटं चाललं की हिबिया, म्हणजे ताकाराझुका आणि निस्से ही नाटकघरं. ताकाराझुकाच्या प्रेक्षकांत बायकांची संख्या प्रचंड, आणि कमानीखाली कोट काढून बसलेले कचेरीतले पुरुष. पाच-सव्वापाचला ही दोन्ही गिऱ्हाइकं एकाच गल्लीतून जाताना दिसतात.

आत शिरल्यावर काय होतं ते जरा बारकाईने सांगतो, कारण पहिल्यांदा जाणारा भारतीय माणूस नेमका इथं गोंधळतो. बसताच हात पुसायला ओला रुमाल येतो आणि न मागता एक लहानशी वाटी पुढ्यात येते. तिच्यात शिजवलेलं कंदमूळ असेल, बटाट्याची कोशिंबीर असेल किंवा एखादा माशाचा तुकडा. ही ‘ओतोशी’. ती भेट नव्हे. माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात, जागेचं भाडं म्हणून. ‘मी मागवलं नव्हतं’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. वर बक्षिशी द्यायची पद्धत नाही, त्यामुळे हिशेब फिटतो म्हणायचा. मग पेय मागवायचं. बहुतेक मेजांवर पहिला आवाज बिअरसाठीच निघतो, कारण ती लगेच येते आणि तोवर बाकीचं ठरवता येतं. वीस वर्षांखालच्यांना मद्य मिळत नाही, पण उलाँग चहा किंवा लिंबाचा सोडा मागितला तर कुणी भुवया उंचावत नाही.

काउंटरपाशी जागा मिळाली तर ती सोडू नये. समोर हातभर लांब आणि वीतभर रुंद शेगडी असते. बांबूच्या काडीवर कोंबडीचे तुकडे आणि त्यांच्या मधे हिरव्या कांद्याचे पेर ओवलेले. भाजणारा डाव्या हाताने काड्या फिरवतो आणि उजव्या हातातल्या पंख्याने निखारा नेमका हवा तिथं फुलवतो. अर्धं भाजलं की काडी सोया सॉस आणि गोड मद्य आटवून केलेल्या काळ्या रसात बुडते आणि परत आचेवर येते. तो रसाचा बुडकुला कधी पूर्ण रिकामा करत नाहीत, वरून भर घालत राहतात. वर्षानुवर्षं टपकलेल्या चरबीची चव त्यात मुरलेली असते. ज्यांना हा प्रकार झेपत नाही त्यांनी नुसतं मीठ लावून मागावं. चांगल्या दुकानात कोळसा बिनचोतान असतो. तो ओकच्या जातीच्या एका चिवट झाडाचा, जवळपास बिनधुराचा, एकमेकांवर आपटला तर धातूसारखा वाजणारा. त्यातला सगळ्यांत नावाजलेला वाकायामा प्रांतातून येतो. याच वाकायामाशी महाराष्ट्र सरकारने २०१३ मध्ये पर्यटन आणि अन्नप्रक्रियेसाठी करार केला. करारातून कोळसा आला नाही, पण अजिंठा बघायला येणारे जपानी पाहुणे आमच्या बुलढाण्याच्या घाटावरून फार लांब नसतात, हे खरं.

काडी भाजायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. खेळ साडेसहाचा असेल तर ही गोष्ट कळीची. जाणकार माणूस बसल्या बसल्या काड्या सांगतो आणि त्या येईपर्यंत एदामामे चघळत बसतो.

या एदामामेपाशी बुलढाण्याच्या माणसाने थांबायलाच हवं. हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकळायच्या, वरून पुन्हा मीठ भुरभुरायचं आणि शेंग ओठांत धरून दाणे तोंडात दाबून घ्यायचे, साल बशीत. आपल्याकडे पौषात तुरीच्या शेंगा उकडून खातात, तसंच हे खाणं. फक्त शेंग तुरीची नाही, सोयाबीनची. चिखली-मेहकरकडे पावसाळ्यात नजर जाईल तिथवर जे पीक उभं असतं, तेच. आमच्याकडे ते पूर्ण वाळेपर्यंत शेतात ठेवतात, हडंब्यातून काढतात, आणि पोत्यात भरून भाव चढण्याची वाट बघतात. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जपानी माणूस त्याच झाडाची शेंग हिरवी असतानाच तोडतो आणि बिअरबरोबर विकतो. अर्थात खायच्या शेंगेचे वाण वेगळे, दाणा मोठा आणि गोडसर, आणि तोडल्यापासून तिची गोडी दिवसभरातच उतरू लागते, त्यामुळे उद्या कुणी बांधावरून सोयाबीन तोडून उकडलं तर ते एदामामेच्या चवीचं होईल अशी आशा धरू नये. तरी इझाकायाच्या मेजावरचं अर्धं खाणं सोयाबीनचं असतं: शेंग, टोफू, मिसो, सोया सॉस. सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या जिल्ह्यात ते माणसाच्या ताटात मात्र जवळपास येतच नाही, हे मला तरी खटकतं.

शाकाहारी माणसाने इथं सावध असावं. टोफू दिसला म्हणजे निर्धास्त व्हायचं नाही. वाळवलेल्या बोनितो माशाच्या कीसाचा अर्क जपानी स्वयंपाकात बहुतेक ठिकाणी असतो: टोफूवर ओतलेल्या रसात, भाजीच्या तेंपुराबरोबर येणाऱ्या वाटीत, अगदी ओतोशीतही. थंड टोफूवर तर तो कीस वरूनच पेरलेला असतो. नको म्हणून आधीच सांगावं लागतं. एदामामे, मिठातली काकडी, मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या, शिताके अळंबी, उमे हे आंबट फळ घातलेला भाताचा मुटका, तेंपुरा घेतला तर नुसत्या मिठाबरोबर, एवढ्यावर शाकाहारी माणसाची संध्याकाळ निभावते. मात्र मिरच्या भाजणारी शेगडी कोंबडीचीच असते. माळकरी माणसाला हे चालायचं नाही. त्याने स्टेशनवरच्या दुकानातून उमेचा मुटका घेऊन बाकावर बसून खावा, त्यातही पाकिटावरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घेऊन.

काबुकी बघायची असेल तर हे सगळं विसरायचं. गिन्झातल्या काबुकी-झाचा संध्याकाळचा खेळ बहुतेक महिन्यांत साडेचारच्या आसपास सुरू होतो. त्या वेळी निम्मे इझाकाया उघडलेलेही नसतात. म्हणून तिथं जुनी रीत टिकून आहे. तळघरातल्या बाजारातून डबा घ्यायचा आणि मोठ्या मध्यंतरात खुर्चीत बसून खायचा. शेजारच्या बाई झाकण उघडतात, पलीकडच्या आजोबांचे चॉपस्टिक्स वाजतात, आणि अर्ध्या तासात सगळं पुन्हा चिडीचूप. शेकडो माणसं एकाच वेळी जेवत असतानाचं ते प्रेक्षागृह मला नाटकाइतकंच बघण्याजोगं वाटतं.

घड्याळाने घडवलेला पदार्थ आपल्या जिल्ह्यातही आहे, फक्त त्याचं घड्याळ नाटकाचं नाही, रेल्वेचं. शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी ती १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. मुंबई–नागपूर मार्गावरची गाडी इथं जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात खिडकीतून पैसे बाहेर, कचोरी आत, आणि गाडी हलली तरी माणसाला ती एका हाताने खाता आली पाहिजे. मैद्याची पारी, आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चिंचेचं पाणी नाही, दही नाही, कारण धावत्या डब्यात ते सांडणार. कागदात गुंडाळली की झालं. समोशाला चटणी लागते, आलूबोंड्याला निदान रस्सा तरी मागतात. ही कचोरी मात्र कुणाच्याही मदतीशिवाय उभी राहते. अकोल्याला संध्याकाळी नाटक बघायला निघालेल्या मलकापूर-नांदुऱ्याकडच्या माणसासाठी नाटकाआधीचा घास म्हणजे बहुतेकदा हीच.

त्या माणसाला अकोल्यालाच का जावं लागतं, तेही सांगायला हवं. बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचं सभागृह आहे, तिथं कार्यक्रम होतात. पण मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे अकोला, जळगाव, संभाजीनगर असेच आखले जातात. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले होते. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात मंडळ्या आचाऱ्यासकट रेल्वेने फिरायच्या, आणि खामगावसारखं पैसेवालं गाव रुळांवर असणं ही मोठी गोष्ट होती. आता नाटक बसमधून येतं आणि मोठ्या शहरात थांबतं. मग प्रेक्षकच गाडी काढतो. शंभरेक किलोमीटर जायचं, यायचं, म्हटल्यावर जेवण महामार्गावरच्या ढाब्यावर. पण तेही परतीच्या वाटेवर, अकरानंतर, शेवभाजी आणि तंदुरी रोटी. जाताना ढाब्यावर बसलात तर पहिला अंक गेलाच म्हणून समजा. ढाब्यावरच्या माणसाला तिसऱ्या घंटेचं काही देणंघेणं नसतं.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ असे खेळ लागतात. जेवणाच्या दोन्ही वेळा नेमक्या टाळलेल्या किंवा नेमक्या मोडलेल्या, कसंही म्हणा. दादरच्या शिवाजी मंदिरात मध्यंतरातला बटाटेवडा हाच रात्रीच्या जेवणाचा पहिला हप्ता. मराठी नाटकाने खाण्यासाठी मध्यंतर राखलं, खेळाआधीचा तास राखला नाही. म्हणून आपल्याकडे नाटकघराच्या आसपास इझाकायासारखं काही उगवलं नाही. उगवलं ते आतलं उपाहारगृह, जिथं पंधरा मिनिटांत दोनशे माणसं एकाच खिडकीवर तुटून पडतात.

तमाशाचं घड्याळ मात्र कायद्याने हलवलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. वग रात्रभर रंगवायची सोय त्यामुळे संपली. फडांना खेळ लवकर उभा करावा लागतो, वग आखडावा लागतो. सातला खेळ सुरू करायचा म्हटलं तर भाकरी घरी खाऊन येणारा गडी वेळेत पोहोचत नाही. त्याचं जेवण आता तंबूबाहेर सरकलं आहे आणि जत्रेत फुटाण्यांच्या शेजारी अंडाभुर्जी-पाव आणि चायनीज भेळेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. एदोच्या प्रेक्षकाचं खाणं गॅसच्या दिव्याने नाटकघराबाहेर काढलं, इथं ध्वनिक्षेपकाने ते घराबाहेर काढलं.

तर कुणी पाहुणा टोकियोला निघालाच असेल आणि हिबियात साडेसहाचा खेळ असेल, तर त्याने पाचला युराकुचोच्या कमानीखाली हजर व्हावं. काउंटर मागावा. बसताक्षणी काड्या आणि एदामामे एकदमच सांगावेत, बिअर एकच. भात किंवा नूडल्स खेळानंतरसाठी ठेवावेत. तिथले लोकही जेवणाचा शेवट त्यानेच करतात, आणि रात्री साडेनऊला नाटक सुटल्यावर त्याच गल्लीत पुन्हा बसायला जागा मिळते. सहाला बिल मागावं, कारण गल्ल्यावर रांग असते. सहा-दहाला उठावं. स्वच्छतागृह नाटकघरातलं वापरावं, कमानीखालचं नाही.